जॉब तिनावर, जिग चारावर

यंत्रशाळेची ओळख : लेखांक 14

मागच्या आठवड्यात आपण मार्किंग पाहिलं. सरफेस प्लेटवर जॉब ठेवायचा, हाइट गेजने रेघा ओढायच्या, रेघा छेदतात तिथे पंच मारायचा आणि त्या खळग्यात ड्रिलचं टोक टेकवायचं. एक-दोन नगांना ही रीत चांगलीच आहे. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत पंपाच्या बेअरिंग ब्रॅकेटची ऑर्डर येते ती शेकड्यांनी. प्रत्येक ब्रॅकेटच्या पायाला चार भोकं, आणि त्यातला कुठलाही ब्रॅकेट उचलून कुठल्याही बेडवर ठेवला तरी बोल्ट सरळ आत गेले पाहिजेत. इथे मार्किंग करत बसलं तर वेळ जातो हे उघडच आहे. त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक नगाची चूक वेगळी निघते. रेघ जाड पडली, पंच तिरका बसला, ड्रिल सरकलं.

ड्रिल सरकण्याचं मूळ त्याच्या टोकातच असतं. नेहमीच्या ट्विस्ट ड्रिलचं टोक 118 अंशांचं, पण मधोमध एक आखूड बोथट कड असते. ती धातू नीट कापत नाही, दाबून बाजूला सारते. ओतीव लोखंडाच्या खडबडीत पृष्ठभागावर ती टेकली की आधी थोडी भटकते आणि मग जिथे रुतेल तिथे भोक पडतं. जिग म्हणजे जॉब पक्का धरून ड्रिलला वाट दाखवणारं साधन; त्यात ड्रिलला हे स्वातंत्र्यच नसतं. ते कडक केलेल्या पोलादी बुशमधून खाली येतं आणि बुश जिथे आहे तिथेच भोक पाडतं. बुशची लांबी साधारणपणे ड्रिलच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट ठेवतात. बुश आणि जॉब यांच्यामध्ये थोडी फट सोडावी लागते, नाहीतर सगळी चिप बुशमधूनच वर येते आणि त्याला आतून खात राहते. पोलादाची चिप लांब, वेटोळी निघते, तिला व्यासाएवढी फट द्यावी. ओतीव लोखंडाचा भुगा पडतो, त्याला निम्मी पुरते. फट फार वाढवली की ड्रिल पुन्हा भटकायला मोकळं.

बुश सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो, पण जिगची खरी कसोटी जॉब टेकतो कुठे यात आहे. कुठलीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते: तीन दिशांना सरकते आणि तीन अक्षांभोवती फिरते. तळाशी तीन टेकू दिले की तिचं खाली जाणं आणि दोन्ही बाजूंना कलणं थांबतं. लांब बाजूला दोन टेकू दिले की त्या दिशेला सरकणं आणि गिरकी घेणं बंद. उरलेल्या बाजूला एक. टूलरूममध्ये याला थ्री-टू-वन म्हणतात. क्लॅम्पचं काम जॉब या सहा टेकूंवर दाबून धरण्याचं. क्लॅम्प नेहमी टेकूच्या बरोबर वर यावा. दोन टेकूंच्या मध्ये अधांतरी आवळला तर जॉब वाकतो, वाकलेल्या स्थितीत अगदी अचूक मशिनिंग होतं, आणि क्लॅम्प सोडला की तो सरळ होताना सगळी मापं बिघडवून बसतो.

तळाला तीनच टेकू का? कास्टिंगचा तळ कधीच सपाट नसतो. तिवई कशाही जमिनीवर स्थिर उभी राहते, चार पायांचं टेबल मात्र डुगडुगतं. म्हणून जॉब तिनावर. पण हाच जिग उलटा करून पाहा, त्याला स्वतःला ड्रिलिंग मशीनच्या टेबलावर उभं राहायला चार पाय असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही विसंगती वाटते. टेबल सपाटच आहे, चारही पाय एका पातळीत ग्राइंड केलेले आहेत, तेव्हा सगळं ठीक असताना जिग डुलायचं कारण नाही. एखाद्या पायाखाली चिप आली तर? तीन पायांचा जिग मुकाट्याने तिरका उभा राहील, भोकही तिरकं पडेल आणि ते असेंब्लीत कळेल. चार पायांचा जिग ताबडतोब खडखडतो. ऑपरेटर थांबतो, फुंकर मारतो, पुन्हा ठेवतो. डुगडुगणं हा दोष एका ठिकाणी टाळायचा आणि दुसऱ्या ठिकाणी मुद्दाम राखून ठेवायचा. टूल डिझाइनमधली इतकी हुशार आणि इतकी स्वस्त गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

आता ब्रॅकेटचा क्रम पाहू. आधी कच्च्या कास्टिंगवर टेकून त्याचा पाय मिलिंग करून घ्यायचा. एकदा तो सपाट झाला की पुढची सगळी कामं त्याच पृष्ठभागावर टेकून करायची. अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात जॉन हॉल 1820च्या दशकात रायफली बनवत होता, त्याने हे नेमकं ओळखलं होतं. प्रत्येक वेळी वेगळ्या जागेवरून माप घेतलं तर चुका एकमेकींवर साठत जातात. म्हणून भागावरची एकच जागा ठरवायची आणि प्रत्येक फिक्स्चरमध्ये, म्हणजे जॉब धरणाऱ्या साधनात, तीच टेकवायची. त्याच्या रायफलींचे भाग खरोखर अदलाबदल करता येत, त्यात या शिस्तीचा वाटा मोठा होता.

पायाची चार भोकं पडली की त्यातली दोन पुढच्या कामाला उपयोगी येतात. पाय प्लेटवर टेकवायचा आणि ही दोन भोकं दोन पिनांवर बसवायची. मात्र दोन्ही पिना पूर्ण गोल ठेवल्या तर काही नग बसणारच नाहीत, कारण भोकांमधलं अंतर नगागणिक केसभर बदलतं. म्हणून एक पिन गोल आणि दुसरी दोन बाजूंनी तासलेली, तिला डायमंड पिन म्हणतात. तासलेल्या बाजू दोन पिनांना जोडणाऱ्या रेषेवरच यायला हव्यात. ती काटकोनात फिरवून बसवलेली फिक्स्चरं कमी नाहीत, आणि मग दोष जातो ऑपरेटरच्या नावावर.

बेअरिंगची बैठक मिलिंगने काढताना चित्र बदलतं. ड्रिल वरून खाली दाबतं, मिलिंग कटरचा प्रत्येक दात मात्र बाजूने ठोसा मारतो. लहान भोकांचा जिग टेबलावर मोकळा सरकवता येतो. मिलिंग फिक्स्चर टी-स्लॉटमध्ये बोल्टने आवळावंच लागतं, आणि ते सरळ बसावं म्हणून त्याच्या तळाला स्लॉटमध्ये बसणाऱ्या दोन टेनन असतात. कटरचा जोर पक्क्या टेकूंवर यावा, क्लॅम्पवर येऊ नये. कटरला वाट दाखवणारा बुश इथे नसतो. त्याऐवजी फिक्स्चरवर एक कडक सेटिंग ब्लॉक असतो. ब्लॉक आणि कटर यांच्यात ठरलेल्या जाडीची फीलर पट्टी घालून कटर लावायचा. ब्लॉकला कटर थेट टेकवला तर दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं.

मग जिग स्वतः अचूक कसा होतो? जॉबच्या टॉलरन्सच्या पाव ते निम्म्या टॉलरन्समध्ये जिग बनवायचा असा दंडक आहे. जुने टूलमेकर यासाठी बटनं वापरत. बटन म्हणजे नेमक्या व्यासाचं, कडक, पोकळ नळकांडं. ते प्लेटवर स्क्रूने सैल लावायचं, स्लिप गेज आणि मायक्रोमीटर लावून हलकेच ठोकत जागेवर आणायचं आणि मग आवळायचं. नंतर प्लेट लेथच्या फेसप्लेटवर चढवून डायलने बटन केंद्रात आणायचं, काढायचं आणि त्या जागी भोक बोअर करायचं. प्रत्येक भोकासाठी हाच खटाटोप. जिनिव्हाच्या सिप कंपनीने 1920च्या दशकात जिग बोरिंग मशीन बाजारात आणलं तेव्हा टूलरूमला किती हायसं वाटलं असेल ते यावरून समजावं.

आज व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या व्हर्टिकल मशिनिंग सेंटरवर, बुश लागत नाही. आखूड, ताठ स्पॉट ड्रिल आधी खळगा करतं आणि मोठं ड्रिल तिथेच उतरतं. जॉब टेकवण्याचं काम मात्र मशीनने अंगावर घेतलेलं नाही. टेकूवर चिप राहिली तर प्रोग्रॅम कितीही बिनचूक असला तरी भोक चुकीच्याच जागी पडतं. म्हणून मोठ्या लायनींवरच्या फिक्स्चरमध्ये टेकूच्या माथ्यालाच बारीक छिद्र पाडून त्यातून हवा सोडतात. जॉब नीट बसला तर छिद्र बंद होऊन हवेचा दाब चढतो. चिप अडकली असेल तर हवा निसटत राहते, दाब चढत नाही आणि स्पिंडल सुरूच होत नाही.