पडद्यावरची देवनागरी आणि कोड

कोडसाठी समरुंद फॉन्ट वापरतात. त्यात बारीक 'आय' आणि ऐसपैस 'एम' ही रोमन अक्षरं सारखीच जागा घेतात, म्हणून ओळी एकाखाली एक जुळतात. एचटीएमएलमध्ये 'कोड' हा टॅग कोडचा मजकूर दाखवतो. 'प्री' मोकळ्या जागा आणि ओळी जशाच्या तशा ठेवतो.

देवनागरीत 'एक अक्षर, एक जागा' हे गणित बदलतं. 'पनवेल' डोळ्यांना चार अक्षरं. युनिकोडमध्ये मात्रा धरून पाच चिन्हं, यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट. 'महाराष्ट्र'ही चारच अक्षरं, पण चिन्हं १०. एकट्या 'ष्ट्र'मध्ये पाच. देवनागरीचा मूळ युनिकोड गट १२८ जागांचा आहे.

अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटू शकते. वेलांटी, रफार, उकार यांना वरखाली जागा लागते. ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा सढळ हवं.

मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीहून वेगळी. पानाची भाषा 'एमआर' अशी नोंदवली आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली, की ती आपोआप उमटतात.

विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. मुक्त परवान्याचा 'मुक्ता' मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा.