वही एकीकडे की सगळ्यांकडे?

बचत गटाची वही कुणाकडे असते? बहुतेक ठिकाणी सचिव ताईंकडे. कुणी किती भरले, कर्ज कुणी उचललं, सगळं त्या एकाच वहीत. ताई माहेरी गेल्या की नोंदी अडल्या. आणि वही पावसात भिजली, तर मग विचारायलाच नको! मैत्रिणींनो, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो आणि त्यावरून त्यांच्यात वर्षानुवर्षं वाद रंगले आहेत.

एकच प्रोग्राम कधी दहा, तर कधी हजारो जण मिळून लिहितात. कुणी काय, कधी आणि का बदललं याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला ‘व्हर्जन कंट्रोल’ म्हणतात. आज काही बिघडलं तर कालचं रूप परत आणता येतं. आयटीतल्या लेकीच्या तोंडी ‘गिट’ हा शब्द येतो ना, तो याच व्यवस्थेतला!

२००० साली सुरू झालेलं ‘सबव्हर्जन’ हे सचिवांच्या वहीसारखं. सगळा इतिहास एका मुख्य कॉम्प्युटरवर. समजायला सोपं, पण त्या कॉम्प्युटरशी संपर्क तुटला की नवी नोंद करता येत नाही.

‘लिनक्स’ची गोष्ट वेगळी. फिनलंडच्या लायनस टॉर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेलं हे काम जगभरचे लोक मिळून करतात. २००२ पासून ते ‘बिटकीपर’ वापरत होते. त्यात प्रत्येकाकडे पूर्ण वही होती, पण ती उघडायची किल्ली एका खासगी कंपनीकडे! कंपनीने ते फुकट वापरू दिलं होतं. २००५ मध्ये वाद झाला आणि ही सवलत बंद झाली. एवढ्या मोठ्या कामाची नोंद आता ठेवायची कशी?

टॉर्वाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतःच नवी व्यवस्था लिहायला घेतली आणि काही दिवसांतच ती चालूही झाली. तेच हे गिट. वही सगळ्यांकडे आणि किल्लीही सगळ्यांचीच. जुनी नोंद कुणी गुपचूप बदलली तर तेही उघडकीला येतं.

त्याच महिन्यात ‘मर्क्युरियल’ही आलं. मग काय, जुंपली! गिट वेगवान पण शिकायला किचकट, मर्क्युरियल सुटसुटीत. शेवटी बाजी मारली गिटने. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘गिटहब’मुळे गिटवरचं काम एकमेकांना दाखवणं सोपं झालं, हे त्यामागचं एक मोठं कारण. हे गिटहब २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. म्हणजे पुन्हा सगळे एकाच दारात जमले म्हणा ना! पण ते दार उद्या बंद झालं, तरी कामाची पूर्ण वही ज्याच्या-त्याच्या घरी शाबूत आहे.

यातून आपणही काही घेऊ शकतो. सचिव ताईंवर विश्वास असतोच, पण दर महिन्याला आपली नोंद गटाच्या वहीशी ताडून पाहिली तर त्यांच्याही डोक्यावरचा भार हलका होतो. हिशेब सगळ्यांसमोर असला की संशयाला जागाच उरत नाही, नाही का?