सरहद्दीच्या गोष्टी – लेखांक ५ : कुंपणाची निष्ठा

गेल्या आठवड्यात १२०६ साली तेमूजिन ‘चंगीझखान’ झाल्याचं आपण पाहिलं. त्याच्या दक्षिणेला होतं जुर्चेनांचं जिन साम्राज्य. मांचुरियातून आलेल्या या लोकांनी १११५ साली राज्य उभारलं, पुढे उत्तर चीन जिंकला आणि आजच्या बीजिंगच्या जागी झोंगदू ही राजधानी केली. गवताळ मैदानातल्या टोळ्यांना आपापसांत झुंजवत ठेवायचं, हे त्यांचं धोरण. तातारांनी पकडून दिलेल्या अंबाघाई या मंगोल खानाला जुर्चेनांनी हाल करून मारलं होतं. मंगोल ते विसरले नव्हते.

सरहद्दीवर जुर्चेनांनी मातीचे लांबच लांब तट आणि खंदक बांधले. राखण मात्र ओंगुत या तुर्की टोळीकडे. १२११ साली चंगीझखान चाल करून आला, तेव्हा ओंगुत त्याच्याच बाजूला होते! त्याची मुलगी अलाखाई त्यांच्या घराण्यात सून म्हणून गेली. येहुलिंगच्या घाटात जिन फौजेची दाणादाण उडाली. तिकडे मांचुरियात जुर्चेनांच्या अमलाखालच्या खितान लोकांनीही बंड केलं. १२१४ साली सम्राटाने राजकन्या देऊन तह केला, दरबार कायफेंगला हलवला. वर्षभरात झोंगदू पडलं. १२३४ साली राज्यच बुडालं.

याला आपण ‘कुंपणानेच शेत खाल्लं’ म्हणू. पण कुंपणाचा जीव शेतात गुंतलेला होता का?

हाच प्रश्न मराठ्यांच्या सरहद्दीला विचारायला मोहालीला जाऊ. चंदीगडला लागून असलेलं हे शहर. तिथून पश्चिमेला साधारण तासाभरावर सरहिंद. मार्च १७५८मध्ये रघुनाथरावांच्या फौजेने ते घेतलं; अफगाण शासक अब्दालीचा तिथला अधिकारी अब्दुस्समदखान कैद झाला. एप्रिलमध्ये लाहोरही हाती आलं. ‘अटकेपार’ या शब्दाचा जन्म याच मोहिमेतला.

ही धाव एकट्या मराठी तलवारीची नव्हती. पंजाबातल्या अदीना बेगने मराठ्यांना बोलावलं होतं आणि शीख जथे सोबत लढले होते. रघुनाथराव मे महिन्यात परत फिरले. पंजाबचा सुभा अदीना बेगकडे राहिला, वर्षाला ७५ लाख रुपये खंडणीच्या करारावर. सप्टेंबरमध्ये तो वारला आणि नव्या सरहद्दीचा खांबच निखळला. मागे ठेवलेली मराठी ठाणी विरळ होती. १७५९च्या अखेरीस अब्दाली आला, तेव्हा ती टिकली नाहीत. अब्दुस्समदखान कैदेतून सुटला होता. १७६०च्या ऑक्टोबरात कुंजपुऱ्याला तो मराठ्यांशी लढताना मारला गेला. पुढचं पानिपत आपल्याला ठाऊक आहे.

जुर्चेनांनी तट बांधले आणि राखणदार गमावला. मराठ्यांना राखणदार मिळाला, पण त्याच्यामागे दुसरा उभा करायला सवड मिळाली नाही.

पुढच्या आठवड्यात : झोंगदूच्या वेढ्यानंतर चंगीझखानाकडे आलेला खितान पंडित येलू चुत्साई.