संगणकावर लिनक्स बसविताना

बाजारातून संगणक विकत आणला म्हणजे त्याची कार्यप्रणाली त्याच्याबरोबर आयतीच येते. पडदा, कळफलक, आवाज, वाय-फाय या सर्व भागांशी तिची जुळणी कारखान्यातच झालेली असते, आणि विकत घेणाऱ्यास त्याची जाणीवही नसते. लिनक्स स्वतः बसविणारा मनुष्य मात्र कारखान्यातील हे काम आपल्या अंगावर घेतो. त्याला येणारे बहुतेक बरेवाईट अनुभव या एका गोष्टीतून उद्भवतात. कोणी म्हणतो, अर्ध्या तासात सर्व सुरळीत झाले. दुसरा म्हणतो, तीन रात्री जागूनही आवाज काही आला नाही. दोघेही खरेच बोलत असतात. प्रणाली एकच असते, यंत्रे निराळी असतात.

लिनस टोरव्हाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक छोटी कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याने लिहिला तो प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल. यंत्राचे निरनिराळे भाग आणि त्यांचा उपयोग करणाऱ्या आज्ञावली यांच्यामध्ये बसून देवघेव पाहणारा हा भाग होय. परंतु नुसत्या गाभ्याने कोणाचे काम भागत नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील आज्ञावली व इतर अनेकांचे लेखन त्या गाभ्याशी जुळवून एकत्र संच देणारी मंडळी लवकरच पुढे आली. अशा संचास वितरण म्हणतात. जुलै १९९३ मध्ये निघालेले स्लॅकवेअर आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इयन मरडॉक यांनी आरंभिलेले डेबियन ही आजही चालू असलेली सर्वांत जुनी वितरणे होत.

त्या काळी स्थापना हे धाडसाचेच काम होते. स्लॅकवेअरची पहिली आवृत्ती २४ फ्लॉपी चकत्यांवर मावत असे. त्या एकामागून एक यंत्रात घालाव्या लागत, आणि एखादी चकती बिघडलेली निघाली की काम अडून बसे. चित्ररूप पडदा हवा असल्यास त्याच्या आडव्या व उभ्या कंप्रता पडद्याच्या माहितीपुस्तिकेतून पाहून स्वतः लिहाव्या लागत. चुकीच्या आकड्यांनी काचेच्या नळीचा जुना पडदा कायमचा बिघडण्याचा संभव असे, आणि तशी ताकीदही सूचनापत्रांत दिलेली असे. पुढे पडदा आपली माहिती संगणकास आपण होऊन सांगू लागला आणि हे संकट टळले. सन २००० मध्ये क्लाउस क्नॉपर यांनी ‘क्नॉपिक्स’ काढले. ते सीडीवरूनच चाले व हार्ड डिस्कला हातही लावीत नसे. बसविण्यापूर्वी पारखून पाहण्याची ही सोय आता बहुतेक वितरणांनी उचललेली आहे.

आजची रीत थोडक्यात अशी. वितरणाची प्रतिमा-फाइल उतरवून घ्यावयाची. ती वाटेत बिघडली नाही ना, हे प्रकाशित केलेल्या पडताळा-अंकाशी ताडून पाहावयाचे. ती एका पेनड्राइव्हवर विशिष्ट आज्ञावलीने उतरवावयाची आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावयाचा. नवख्याची पहिली चूक येथेच होते. तो ती फाइल साध्या फाइलीप्रमाणे पेनड्राइव्हवर नकलून ठेवतो, आणि यंत्र तिच्यावरून सुरू होत नाही म्हणून चकित होतो. डेबियनच्या चित्ररूप स्थापकात भाषा म्हणून मराठीही निवडता येते.

यानंतरची पायरी सर्वांत जोखमीची असते, ती म्हणजे डिस्कचे विभाजन. स्थापक विचारतो, संपूर्ण डिस्क पुसावयाची, की असलेल्या प्रणालीशेजारी जागा करावयाची? घाईने दिलेल्या एका होकाराने घरातील छायाचित्रे, हिशेब आणि मुलांचे अभ्यासाचे कागद एकदम नाहीसे झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. स्थापकाने येथे काही लपविलेले नसते. पडद्यावरचे वाक्य नीट वाचलेले नसते, एवढेच. यास्तव दुसऱ्या जागी प्रत ठेवल्यावाचून या पायरीपर्यंत येऊच नये. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असेल, तर सुरुवातीच्या मांडणीत केलेल्या बदलामुळे पुढच्या वेळी विंडोज पुनर्प्राप्तीची किल्ली मागू शकते. ती ४८ अंकी किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवलेली बरी.

इतके झाले म्हणजे बहुतेक यंत्रांवर प्रणाली उभी राहते. अडचण उरते ती एखाद्या भागाची. तो बहुधा वाय-फाय असतो, किंवा चित्रफलक, नाही तर झोपविलेले यंत्र पुन्हा जागे होणे.

वाय-फायचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. वाय-फायच्या चिपमध्ये एक चिमुकला संगणकच असतो, आणि यंत्र सुरू होताना त्याला त्याची आज्ञावली बाहेरून भरवावी लागते. तिला फर्मवेअर म्हणतात. ही आज्ञावली चिपचा निर्माता देतो. परंतु ती कशी लिहिली आहे हे तो सहसा उघड करीत नाही. डेबियनने १९९७ साली आपल्या वापरकर्त्यांशी एक सामाजिक करार जाहीर केला होता. मूळ संहिता सर्वांस खुली असलेल्या आज्ञावलीच आपल्या संचात राहतील, हे त्यातील एक वचन. त्या वचनास जागून फेब्रुवारी २०११ मध्ये निघालेल्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्यातून बंदिस्त फर्मवेअर काढून वेगळ्या कोठारात ठेवण्यात आले. तत्त्व निष्कलंक राहिले, पण वापरकर्ता चक्रात सापडला. फर्मवेअर नाही म्हणून वाय-फाय चालेना, आणि वाय-फाय नाही म्हणून फर्मवेअर उतरवून घेता येईना! तारेच्या जाळ्याची खाच असलेल्या यंत्रात हा पेच सुटे. ती खाच नसलेल्या पातळ लॅपटॉपवर मात्र दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर फाइली आणणे किंवा मोबाइल तारेने जोडून त्याचे इंटरनेट वापरणे हेच उपाय होते. फर्मवेअर घातलेली एक अनधिकृत प्रतिमाही उपलब्ध असे. पण नवख्याला तिचा पत्ता सापडणे कठीण.

या प्रश्नाचा निकाल डेबियनच्या सभासदांनी २०२२ साली मतदानाने लावला. अधिकृत स्थापकात बंदिस्त फर्मवेअर घालावे आणि करारात तशी दुरुस्ती करावी, असे ठरले. त्यानुसार १० जून २०२३ रोजी निघालेल्या बाराव्या आवृत्तीत ते आले. कोणते फर्मवेअर वापरले हे स्थापक सांगतो, आणि ते नको असलेल्यास नाकारण्याची सोयही ठेवलेली आहे. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलके नव्हते. एकदा दिलेले वचन गैरसोय होते म्हणून बदलले, तर वचनाचा अर्थ काय, असे ते विचारीत. तथापि ज्याच्या यंत्रावर प्रणाली चढतच नाही, त्याला तिच्यातील स्वातंत्र्याचा उपभोग कोठून मिळणार, हा प्रश्न अखेरीस भारी ठरला आणि तो योग्यच होता असे दिसते.

चित्रफलकाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. एन्व्हिडिया कंपनीचे चालक, म्हणजे फलकाशी बोलणारी आज्ञावली, दीर्घकाळ बंदिस्त होते. स्वयंसेवकांनी फलकाच्या वर्तनावरून अंदाज बांधीत ‘नूव्हो’ नावाचे खुले चालक लिहिले. परंतु नव्या फलकांची पूर्ण शक्ती त्यांना वापरता येत नसे. मे २०२२ मध्ये कंपनीने नव्या फलकांसाठी गाभ्याशी जोडल्या जाणाऱ्या भागाची संहिता खुली केली. हे चालक गाभ्याबाहेर वाढतात, म्हणून गाभा बदलला की त्यांचीही पुन्हा बांधणी करावी लागते. ती फसली की नेहमीच्या अद्ययावतीनंतर सकाळी काळा पडदा समोर येतो. शिवाय ‘सिक्युअर बूट’ चालू असलेल्या यंत्रात मान्य स्वाक्षरी नसलेला चालक गाभा स्वीकारीत नाही, आणि वापरकर्त्याला कारण कळत नाही.

अशा वेळी विचारावे कोणाला? रेड हॅट, सुसे आणि उबुंटूमागील कॅनॉनिकल या कंपन्या पैसे घेऊन साहाय्य देतात. त्यांचे ग्राहक मुख्यत्वे संस्था असतात. घरी लिनक्स वापरणाऱ्यास मदत करतात ते स्वयंसेवक. ते आपला फावला वेळ देतात आणि वापरकर्त्याचे यंत्र त्यांना दिसत नाही. वैद्याने रोग्याला न पाहता केवळ पत्रावरून औषध सांगावे, तसाच हा प्रकार आहे. म्हणून येथे पत्राला फार महत्त्व येते. ‘वाय-फाय चालत नाही’ या पत्राला उत्तर देणे अशक्य असते. वितरणाची आवृत्ती, गाभ्याचा क्रमांक, काय केले असता काय घडले, आणि चिपचा ओळखक्रमांक इतके कळविले, तर तोच प्रश्न दहा मिनिटांत सुटू शकतो. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा यंत्रातील भागांची यादी देते. तिच्यात प्रत्येक भागापुढे निर्मात्याचा आणि भागाचा असे दोन अंक मिळविता येतात. खोक्यावर छापलेले नाव फसवे असते, कारण एकाच नावाखाली निर्माता वर्षभरात दोन निराळ्या चिपा बसवू शकतो. हे अंक तशी फसवणूक करीत नाहीत. इन्टेलचा निर्माता-क्रमांक ८०८६ आहे. त्या कंपनीच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध चिपेचाच तो आकडा. गाभ्याने सुरू होताना नोंदविलेल्या ओळीही पाहाव्या. हरवलेल्या फर्मवेअर-फाइलीचे नाव पुष्कळदा तेथेच लिहिलेले असते. पडद्यावरील त्रुटीचा मजकूर आपल्या शब्दांत न सांगता जसाच्या तसा द्यावा.

दोष मात्र एकाच बाजूला नसतो. ‘आधी पुस्तिका वाचा’ असे तुटक उत्तर मिळून कायमचे परत गेलेले नवखे पुष्कळ. उबुंटूने २००४ साली आरंभापासूनच परस्परांशी सौजन्याने वागण्याची आचारसंहिता ठेवली. डेबियनने तशी संहिता २०१४ साली स्वीकारली. उत्तर सौजन्याचे असले तरी ते डोळे मिटून पाळणे धोक्याचे. सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून चालविलेली एक अपरिचित आज्ञा सारी प्रणाली मोडू शकते. दहा वर्षांपूर्वीच्या आवृत्तीसाठी दिलेला अचूक उपाय आजच्या आवृत्तीत अपाय ठरतो, म्हणून उत्तराची तारीखही पाहावी.

भारतात या विषयाचे दोन निरनिराळे प्रयोग झाले आहेत. सी-डॅक या शासकीय संस्थेने २००७ साली डेबियनच्या पायावर ‘बॉस’ हे भारतीय भाषांची सोय असलेले वितरण काढले. केरळात २००१ साली सुरू झालेल्या शालेय संगणक-प्रकल्पाने, जो २०१७ पासून ‘काइट’ नावाने ओळखला जातो, सरकारी व अनुदानित शाळांत लिनक्स रुजविले. उबुंटूवर आधारलेला एक संच तो शाळांसाठी तयार करतो, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील प्रशिक्षक शिक्षकांना त्याचा वापर शिकवितात. कारखान्यातील जुळणीचे जे काम एरवी एकट्या वापरकर्त्यावर पडते, ते तेथे एका संस्थेने सर्वांसाठी एकदाच केले. सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोची येथे भरली होती.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती थांबली. विंडोज ११ च्या अधिकृत अटींत न बसणारे पुष्कळ चांगले संगणक शाळांतून आणि ग्रंथालयांतून पडून आहेत. लिनक्सच्या दृष्टीने हे जुनेपण बहुधा गुणाचेच ठरते, कारण पाचसहा वर्षांपूर्वीच्या चिपांचे चालक गाभ्यात मुरलेले असतात आणि त्यांच्या तक्रारी व त्यांवरील उपाय आधीच नोंदले गेलेले असतात. फजिती अधिक होते ती गेल्या महिन्यात बाजारात आलेल्या यंत्रावर.