कप हवाच, तोही यंदाच!

आयपीएलमध्ये टीम हरायला लागली की कॅमेरा हमखास कुठे वळतो? बॉक्समध्ये बसलेल्या मालकाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे!

आता जरा हिशेब करू. २०२५ साठी प्रत्येक टीमला खेळाडूंवर १२० कोटी रुपये खर्चायची मुभा होती. विजेत्याचं बक्षीस किती? २० कोटी. लखनौची टीम तर २०२१ मध्ये ७,०९० कोटींना विकली गेली. शिवाय मीडिया हक्कांच्या पैशातला वाटा शेवटचा नंबर आला तरी मिळतोच, आणि खालच्या लीगमध्ये ढकललं जायची भीतीही नाही. म्हणजे कप पैशासाठी नकोच असतो, तो हवा असतो मिरवायला.

गोची इथेच आहे. बाकी धंद्यात समोरच्यापेक्षा जास्त पैसा ओतून बाजी मारता येते. इथे लिलावात सगळ्यांची थैली सारखीच. टीम दहा, कप एक. सगळे तोडीस तोड धरले, तर दहा वर्षांतून एकदा नंबर लागणार!

मुंबई इंडियन्सने २०१३ ते २०२० मध्ये पाच कप जिंकले, पण त्याआधीचे पाच सीझन आयपीएलचा कप नव्हताच. नंतर तीन सीझन कोरडे गेले, कॅप्टन बदलला आणि २०२४ मध्ये टीम थेट तळाला. बेंगळुरूला पहिला कप मिळाला, तो अठराव्या सीझनमध्ये.

पण फक्त मालकांनाच कशाला हसायचं? दोन मॅच हरल्या की ‘कॅप्टन बदला’ अशी स्टोरी टाकणारे आपणच ना?