हात जातो कोपऱ्यात!

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी घर बदललंय का? नव्या घरात पहिले काही दिवस मोठी गंमत होते. रात्री पाणी प्यायला उठलं, की हात आपोआप भिंतीवर जातो आणि जुन्या घरात दिव्याचं बटन जिथे होतं, तिथेच चाचपडत राहतो. बटन नव्या जागी आहे हे डोक्याला ठाऊक असतं. हाताला मात्र अजून कुणी सांगितलेलं नसतं!

आमच्या शेजारच्या आजोबांचं अगदी असंच झालं. आजोबा गेली कित्येक वर्षं सोसायटीचा हिशेब कॉम्प्युटरवर ठेवतात. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबली. कॉम्प्युटर काही बंद पडत नाही, बरं का! पण नवी भोकं सापडली तर ती बुजवायला कुणी येत नाही. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठराविक पिढीचा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रात ते नव्हतं. म्हणून नवा कॉम्प्युटर आला.

पहिल्याच सकाळी आजोबांनी सवयीने माउस खाली डावीकडच्या कोपऱ्यात नेला आणि टिचकी मारली. उघडलं काय? तर हवामानाची खिडकी! आज ऊन किती, पाऊस किती!

"अगं, हा कॉम्प्युटर आहे की वेधशाळा?" आजोबांनी नातीला हाक मारली.

विंडोज ११मध्ये 'स्टार्ट'चं बटन पट्टीच्या मधोमध आलं आहे आणि डावा कोपरा बहुधा हवामानाला मिळाला आहे. सातवीतली नात धावत आली. "आजोबा, द्या इकडे, मी करते!" म्हणत तिने माउस घेतला आणि टकटक करत हिशेबाची फाइल उघडून दिली. काम झालं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी आजोबा म्हणाले, "आता हिशेबाचं काम दुसऱ्या कुणालातरी देतो. मला नाही जमायचं हे."

इतकी वर्षं पै-पैचा हिशेब चोख ठेवणारा माणूस एका बटनापायी काम सोडायला निघाला!

खरं म्हणजे आजोबांचं काहीच चुकलं नव्हतं. 'स्टार्ट'चं बटन विंडोज ९५बरोबर २४ ऑगस्ट १९९५ला आलं आणि पुढे बरीच वर्षं त्याच कोपऱ्यात राहिलं. सायकल चालवताना आपण पायडल कुठे आहे हे शोधतो का? नाही ना? तसंच हे. एखादी गोष्ट शेकडो वेळा केली, की ती विचार न करता होऊ लागते. म्हणून तर सवयी उपयोगी पडतात आणि म्हणूनच त्या मोडायला वेळ लागतो.

असा गोंधळ आधीही झालेला आहे. विंडोज ३.१मध्ये खिडकीच्या उजव्या वरच्या टोकाला ती मोठी करायचं बटन होतं. विंडोज ९५ने तिथे खिडकी बंद करायची फुली आणून बसवली. म्हणजे मोठी करायला जावं, तर खिडकीच गायब! पुढे २०१२ साली विंडोज ८ने 'स्टार्ट'चं बटनच काढून टाकलं आणि पडदाभर रंगीत चौकोन मांडले. लोकांनी इतकी ओरड केली, की २०१३मध्ये विंडोज ८.१ने बटन परत आणलं आणि २०१५मध्ये विंडोज १०ने जुन्या धाटणीची यादीही परत दिली. तेव्हा गोंधळणारे आजोबा एकटे नव्हेत!

मग नातीने एक युक्ती केली. माउसला हात न लावता ती वही घेऊन शेजारी बसली आणि तिने पानावर तीन रकाने आखले.

पहिला रकाना : जुनं, जसंच्या तसं चालणारं. कंट्रोल आणि सी दाबलं की नक्कल, कंट्रोल आणि व्ही दाबलं की चिकटवणं, कंट्रोल आणि झेड म्हणजे झालेली चूक मागे घेणं. विंडोजची कळ आणि ई दाबलं, की फाइलींची खिडकी उघडते. हा रकाना सगळ्यात लांब झाला! तो पाहूनच आजोबांचा अर्धा धीर परत आला.

दुसरा रकाना : परत जागेवर आणता येणारं. सेटिंग्ज, मग पर्सनलायझेशन, मग टास्कबार. तिथे मांडणी 'लेफ्ट' केली, की 'स्टार्ट' पुन्हा डाव्या कोपऱ्यात!

तिसरा रकाना : नव्याने शिकायचं. माउसचं उजवं बटन दाबल्यावर आता छोटी यादी येते. कापणं, नक्कल करणं यांसाठी तिच्यात छोटी चित्रं आहेत. जुनी लांबलचक यादी हवी असेल तर 'शो मोअर ऑप्शन्स' दाबायचं. तिसऱ्या रकान्यातली रोज एकच गोष्ट शिकायची, असं दोघांचं ठरलं.

आणि नातीने स्वतःसाठी एक नियम केला : बोट दाखवायचं, पण माउस आजोबांच्याच हातात ठेवायचा. कारण सवय ज्याची बदलायची, सराव त्याच्याच हाताला व्हायला हवा. आपण झटपट करून दिलं, तर शिकतो कोण? आपलाच हात!

पंधरा दिवसांत महिन्याचा हिशेब तयार झाला. नातीने विचारलं, "आजोबा, आता 'स्टार्ट' डावीकडेच राहू दे ना?"

आजोबा हसून म्हणाले, "नको, मधेच कर. बघू तरी, हात ऐकतो का!"

तुमच्याही घरी कुणी नव्या कॉम्प्युटरपुढे अडलंय का? मग आजच वहीवर तीन रकाने आखा. आणि हो, माउस मात्र त्यांच्याच हातात राहू द्या बरं!