न दिसणारा धूर

नागपूरहून रायपूरकडे आगगाडीने जाताना दुर्ग मागे पडले की भिलाई पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसू लागतात. येथील पहिल्या झोतभट्टीचे, म्हणजेच ब्लास्ट फर्नेसचे, उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. चिमण्यांचा धूर पाहून प्रवासी नाक मुरडतात. परंतु दिसणाऱ्या धुरापेक्षा न दिसणारा वायू अधिक घातक असतो. आपल्यातील कित्येक तरुण अशा कारखान्यांत शिकाऊ किंवा ठेकेदाराकडील कामगार म्हणून जातात, त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

झोतभट्टीत वरून लोहखनिज, कोक व चुनखडी टाकतात आणि खालून तापलेली हवा जोराने सोडतात. कोक जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू खनिजातील ऑक्सिजन ओढून घेतो व लोखंड सुटे होते. म्हणजे भट्टी चालते ती त्याच्याच जोरावर! मात्र तो सगळा खर्ची पडत नाही. भट्टीच्या तोंडातून निघणाऱ्या वायूत तो २० ते २५ टक्के उरतो. हा वायू पाण्याने धुऊन, धूळ काढून, इंधन म्हणून पुन्हा वापरतात.

लोखंडाचा रस काढताना उडणारी तांबूस धूळ डोळ्यांना दिसते, तप्त मळीवर पाणी पडले की गंधकाचा वास नाकाला कळतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून ठेवते. श्वास चालू असूनही शरीर गुदमरते. हवेत त्याचे प्रमाण १ टक्क्यावर गेले तर काही मिनिटांत मृत्यू येतो.

१२ जून २०१४ रोजी भिलाईतच पंपहाऊसमध्ये बिघाड होऊन वायू धुण्याच्या यंत्रणेचा पाणीपुरवठा तुटला. वायू बाहेर पसरला आणि ६ जण दगावले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. पाण्याच्या बिघाडातून विषारी वायू येईल, हे नवख्याला कसे सुचावे?

डोके दुखू लागले, गरगरले, पाय जड झाले तर उन्हाचा त्रास समजून बसून राहू नये. वाऱ्याच्या उलट दिशेने मोकळ्या हवेत यावे व इतरांना सावध करावे. सहकारी कोसळलेला दिसला तरी श्वसनयंत्र लावल्याशिवाय आत धावू नये. वाचवायला गेलेलाही तेथेच पडतो. बाहेर काढलेल्या माणसाला ताबडतोब ऑक्सिजन लागतो.

उरलेला वायू उंच नळीच्या टोकाला पेटवून देतात. रात्री दुरून दिसणारी ती ज्योत पाहून पुष्कळांना भीती वाटते. वस्तुतः ज्योत आहे तोवर वायू जळतो आहे. वायू सुटत असताना ती विझली तर खरी काळजी.